वरच्या दुधाचा विवेक



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपले सारे आयुष्य लहान मुलांच्या शुश्रूषेत वेचले. तेव्हा त्यांच्या स्मृतीला वंदन करताना केवळ पंडितांच्या कुतूहलाचा एखादा दूरचा विषय घेण्यापेक्षा, बालवैद्याच्या दारी रोज येणारा आणि घरोघरी बाळंतिणीच्या खोलीत दबल्या आवाजात विचारला जाणारा एक प्रश्न आपल्यापुढे मांडावा, असे मी ठरविले. आईचे दूध चालू आहे, पण ते पुरत नाही असे वाटते. किंवा ते पुरते आहे, पण आईला कामावर परतायचे आहे. अशा वेळी बाळाला वरचे दूध कोणते द्यावे? बाजारात डबे पुष्कळ आहेत. त्यांतला कोणता घ्यावा?

प्रश्न एका ओळीचा आहे आणि विचारणाऱ्यालाही उत्तर एका ओळीचेच हवे असते. ते उत्तर मी आज देणार आहे, टाळणार नाही. परंतु माझे मुख्य म्हणणे आरंभीच सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाचा धागा आपल्या हाती राहील. डब्यांतून डबा निवडणे हा या निर्णयाचा सर्वांत लहान भाग आहे. त्याच्या आधी गरजेचा निर्णय आहे, त्याच्यानंतर दूध तयार करण्यातील दक्षता आहे, आणि या सर्वांना वेढून समाजाचे कर्तव्य आहे. आपण मात्र सारी चिंता त्या लहान भागावर खर्च करतो, आणि उरलेले तीन मोठे भाग एकट्या आईच्या शिरावर टाकून मोकळे होतो. म्हणून गरज, निवड, सिद्धता आणि समाज अशा चार मुद्द्यांच्या क्रमाने मी बोलणार आहे. त्यांच्या आधी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण इतिहास न पाहता या डब्याविषयी एकतर आंधळी भक्ती उत्पन्न होते, नाही तर आंधळा तिरस्कार.

आईचे दूध अपुरे पडणे ही आधुनिक स्त्रीच्या सुखवस्तू राहणीतून उपजलेली व्याधी आहे, असे पुष्कळांना मनापासून वाटते. त्यांनी वाग्भटांचे अष्टांगहृदय पाहावे. स्तन्य नसेल तर शेळीचे किंवा तशाच गुणांचे गाईचे दूध बालकाला द्यावे, अशी तरतूद त्या ग्रंथात आहे. आणि दूध पाजण्यासाठी ठेवावयाच्या धात्रीची परीक्षा कशी करावी, याचेही तपशीलवार विवेचन आयुर्वेदाच्या संहितांनी केले आहे. ज्या समाजाला अशा तरतुदी लिहून ठेवाव्या लागल्या, त्या समाजात दूध न पुरणाऱ्या माता होत्या, हे उघड नाही काय? तेव्हा ज्या आईला वरचे दूध द्यावे लागते ती अपराधी नव्हे, आणि तिने कोणापुढे खुलासा देण्याचे कारण नाही, एवढे आपण प्रथम मान्य करू.

आजच्या डब्याची वंशावळ मात्र युरोपातील आहे. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात गव्हाचे पीठ, मोड आणलेल्या जवाचे पीठ, गाईचे दूध आणि पोटॅशियमचा एक क्षार यांच्या मिश्रणातून बालकांसाठी अन्न तयार केले, आणि १८६७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील व्हेवे या गावी हेन्री नेस्ले याने दूध आणि पीठ यांचे आपले मिश्रण विक्रीस आणले. ज्या काळी युरोपातील शहरांत तान्ही मुले फार मोठ्या संख्येने दगावत होती, त्या काळी हे प्रयत्न आरंभले गेले, हे न्यायबुद्धीने सांगितलेच पाहिजे. परंतु पुढे जे घडले तेही तितक्याच न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. ज्या घरी स्वच्छ पाणी नव्हते, इंधन नव्हते, लेबलावरचा मजकूर वाचता येत नव्हता, त्या घरांतही हे डबे जाहिरातींच्या जोरावर पोहोचले. १९३९ साली सिसिली विल्यम्स या बालवैद्य स्त्रीने सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे व्याख्यान दिले आणि त्याला ‘मिल्क अँड मर्डर’, म्हणजे दूध आणि खून, असे नाव दिले. गोड आटीव दूध तान्ह्या बाळांसाठी योग्य म्हणून खपविल्यामुळे होणारे मृत्यू हा खूनच समजला पाहिजे, असे त्यांनी त्या प्रतिष्ठित श्रोत्यांना निर्भयपणे सांगितले. पुढे १९७४ साली इंग्लंडमधील ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेने ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली, १९७७ साली अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला, आणि अखेर २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता संमत केली. तिच्या बाजूने ११८ मते पडली आणि विरुद्ध केवळ एक, अमेरिकेचे.

आपल्या देशाचा या इतिहासातला वाटा लहान नाही, आणि महाराष्ट्राचा तर मुळीच नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीत म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी म्हशीच्या दुधापासून बालकांसाठी योग्य अशी भुकटी बनविण्याची रीत सिद्ध केली, आणि आणंदच्या सहकारी दूध संघाने ती बाजारात आणून परदेशी डब्यांवरचे आपले अवलंबन कमी केले. १९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी बी.पी.एन.आय. ही राष्ट्रव्यापी संस्था डिसेंबर १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात जन्मास आली. आणि १९९२ साली संसदेने बाळाच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि बालान्ने यांचे नियमन करणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्याचे स्मरण ठेवा. मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

आता पहिला मुद्दा, गरज.

‘दूध पुरत नाही’ हे वाक्य घरात प्रथम कोण उच्चारते? बहुधा आई नव्हे. बाळ संध्याकाळी रडू लागते, अर्ध्या-अर्ध्या तासाने अंगावर येते, आईचे स्तन पूर्वीसारखे जड लागत नाहीत, आणि मग कोणीतरी प्रेमळ, वडीलधारी स्त्री म्हणते, ‘हिला दूधच उतरत नाही, वरचे सुरू करा.’ हेतू चांगला असतो. परंतु यांतली कोणतीही खूण दूध अपुरे असल्याचा पुरावा नाही. सायंकाळी घडोघडी पिणे हा कित्येक निरोगी बाळांचा स्वभाव असतो. काही आठवड्यांनी स्तनांचा ताठरपणा कमी होतो, तो दूध आटल्यामुळे नव्हे, तर मागणीशी शरीराचा मेळ बसल्यामुळे. आणि रडणे ही तर बाळाची एकमेव भाषा; ऊब, झोप, पोटातील वारा, आईची जवळीक, या सर्वांसाठी त्याला ती एकच भाषा वापरावी लागते.

मग पुरावा कोणता? पुरावा दोन ठिकाणी मिळतो, लंगोटात आणि वजनाच्या काट्यावर. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. जन्मवजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंतची घट प्रायः नैसर्गिक असते, आणि सुमारे दोन आठवड्यांत ती भरून निघावी. त्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन मिळवावे, आणि पहिला आठवडा सरेपर्यंत चोवीस तासांत निदान सहा वेळा तरी लघवी करावी. ज्या बाळाचा हा हिशेब बरोबर आहे, जे बाळसे धरत आहे, त्याला डब्याची गरज नाही, मग शेजारपाजार काहीही म्हणो. ज्याचा हिशेब चुकतो आहे, त्याला मदतीची गरज आहे. आणि ती मदत प्रथम डब्याची नव्हे, पाजण्याच्या रीतीची असते. बाळाचे तोंड पुरेसे उघडते आहे काय, केवळ बोंडी नव्हे तर तिच्याभोवतीचा काळसर भागही त्याच्या तोंडात जातो आहे काय, रात्रीचे पाजणे कोणी बंद तर केले नाही ना, जन्मानंतरच्या पहिल्या तासात त्याला छातीशी धरले होते काय? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशात १०० पैकी सुमारे ४२ बाळांनाच जन्मानंतरच्या पहिल्या तासात आईचे दूध मिळते. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळांच्या बाबतीत आरंभच उशिरा होतो, बहुमोल चीक वेळेवर मिळत नाही, आणि मग पुढे आपण आईलाच दोष देतो.

येथे शरीराचा एक नियम ध्यानी घेतला पाहिजे, कारण वरच्या दुधाविषयीचे सारे शहाणपण त्या एका नियमावर उभे आहे. आईचे दूध हे जिवंत झरे असलेल्या विहिरीसारखे आहे. जेवढा उपसा, तेवढे पाणी. बाळ चोखते तेव्हा आईच्या मेंदूतील पोषग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढतो आणि दूध तयार होते. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या स्रावाने पान्हा फुटतो. आणि स्तनात दूध साचून राहिले तर ते साचलेले दूधच पुढील निर्मितीला आवर घालते. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की, बाळाला डब्याचे दूध दिले, त्यामुळे ते आईकडे कमी आले, त्यामुळे आईचे दूध कमी झाले, त्यामुळे डब्याचे अधिक द्यावे लागले, आणि असे करता करता, ज्या दुधाला जोड द्यायची होती तेच दूध नाहीसे झाले. पूरक म्हणून आलेले मालक होऊन बसले. हे टाळायचे असेल तर नियम पाळा: प्रथम आईचे, दोन्ही बाजूंचे, मग वरचे, तेही मोजके, आणि जेव्हा बाळ अंगावर पिणार नाही तेव्हा ते दूध काढून घ्यायचे. काढलेले दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात खोलीच्या साधारण तापमानाला चार तास आणि शीतकपाटात एक दिवस निर्धास्तपणे ठेवता येते. कामावर जाणाऱ्या आईच्या बाळाचे पहिले वरचे दूध हे तिचेच काढलेले दूध असले पाहिजे.

आणि तरीही खरी गरज असते, हे मी तितक्याच निःसंदिग्धपणे सांगतो. जुळी बाळे असतात. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊन आईची दुग्धनिर्मिती कोलमडलेली असते. स्तनांवर शस्त्रक्रिया झालेली असते. कर्करोगावरील औषधांसारखी काही औषधे चालू असताना पाजता येत नाही. गॅलॅक्टोसीमियासारख्या विरळ जन्मजात विकारात तर बाळाला आईचे दूधही वर्ज्य असते. मूल दत्तक घेतलेले असते. आई हयात नसते. आणि कित्येकदा सर्व उपाय करूनही दूध पुरेसे येत नाही, एवढेच असते. अशा घरी वरचे दूध हे औषधासारखे आदराने आणावे आणि आईला एका शब्दानेही खजील करू नये. अपुऱ्या वजनाच्या, दिवस पूर्ण न भरलेल्या बाळाला जवळच्या मातृदुग्धपेढीतून दूध मिळते काय, हेही डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता दुसरा मुद्दा, निवड. आपण ज्याची वाट पाहत आहात तो.

प्रथम हे पाहू की, साधे गाई-म्हशीचे दूध का चालत नाही. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने सुमारे एक ग्रॅम असतात. गाईच्या दुधात तीन ग्रॅमांहून अधिक, म्हशीच्या दुधात त्याहूनही अधिक. त्यांतही गाईच्या दुधातील प्रथिनांचा सुमारे चार-पंचमांश भाग केसीन असतो, ज्याचा बाळाच्या पोटात घट्ट गोळा बनतो. आईच्या दुधात हे प्रमाण बरेच कमी. गाईच्या दुधातील क्षार बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना भारी पडतात, आणि लोह त्यात फारच थोडे असते. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व कमी असते. आपल्याकडे दुधात पाणी आणि साखर घालण्याची रीत होती. तिने प्रथिने व क्षार उतरतात खरे, पण त्यांच्याबरोबर पोषणही उतरते. म्हणून वर्षाच्या आतील बाळाला वरचे दूध मुख्य आहार म्हणून द्यायचेच झाले, तर ते या सर्व बाबतींत सुधारून घेतलेले, म्हणजे डब्याचे, असणे बरे.

मग कोणता डबा? उत्तर असे: पहिल्या टप्प्याचा, गाईच्या दुधापासून बनविलेला, ज्यातील साखर मुख्यतः दुधाचीच साखर म्हणजे लॅक्टोज आहे, ज्यात लोह घातलेले आहे, ज्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आहे, ज्याचे सील शाबूत आणि मुदत पुरेशी आहे, आणि ज्याचा खर्च आपल्या घराला महिनोन्‌महिने सहज झेपेल, असा कोणताही डबा. कोणताही, हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. पहिल्या टप्प्याच्या दुधात ऊर्जा किती, प्रथिने किती, स्निग्धांश किती, कोणती जीवनसत्त्वे कमाल-किमान किती, हे सारे आंतरराष्ट्रीय मानकाने आणि आपल्या देशाच्या नियमांनी बांधून दिलेले आहे. तयार केलेल्या १०० मिलिलिटर दुधात ६० ते ७० किलोकॅलरी ऊर्जा असावी, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ती मर्यादा स्वस्त डब्याला लागू आहे आणि महागालाही. तेव्हा महाग डबा घेतला म्हणजे बाळावर अधिक प्रेम केले, हा समज मनातून काढून टाका.

डब्यावर मिरविणाऱ्या विशेष घटकांविषयी काय? डी.एच.ए. नावाचे मेदाम्ल घातल्याने पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाची बुद्धी अधिक वाढते, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. ते असले तर बिघडत नाही, पण केवळ त्याच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. सहा महिन्यांनंतर दुसऱ्या टप्प्याचा डबा घेतलाच पाहिजे काय? नाही. या दुधाची आवश्यकता नाही, असे जागतिक आरोग्य परिषदेने १९८६ सालीच नमूद केले आहे. पहिल्या टप्प्याचेच दूध वर्षापर्यंत चालते, आणि सहा महिन्यांनंतर बाळाला खरी गरज असते ती मऊ भात-वरण, नाचणी, भाजी, फळ, अंडे अशा घरच्या अन्नाची. सोयाबीनचे, लॅक्टोजविरहित, किंवा प्रथिने तोडून बनविलेले विशेष दूध? ती औषधे समजावीत. गाईच्या दुधातील प्रथिनांची खरी ॲलर्जी असलेल्या बाळाला प्रथिने तोडलेले दूध लागते, गॅलॅक्टोसीमियात लॅक्टोजविरहित लागते. पण बाळ दूध टाकते, त्याच्या पोटात वारा धरतो, ते रात्री जागते, एवढ्यावरून यांतला कोणताही डबा आपल्या मनाने आणू नये. आणि एक डबा मानवत नाही म्हणून दर आठवड्याला दुसरा आणण्याचा जो क्रम कित्येक घरांत चालतो, त्याने बाळाचे नव्हे, दुकानदाराचे हित होते.

येथे त्या १९९२ च्या कायद्याकडे वळू, कारण तो निवडीच्या वेळी आपल्या बाजूने उभा असतो. या कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातीला बंदी केली आहे. फुकट नमुने वाटण्याला बंदी आहे. डबा खपविण्यासाठी आरोग्यसेवकांना भेटी व प्रलोभने देण्याला बंदी आहे. डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्याची मुभा नाही. हे दूध आईच्या दुधासमान केले आहे असे सुचविणारे शब्द वापरता येत नाहीत. आणि आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हा मजकूर ठळक छापावा लागतो. तेव्हा प्रसूतिगृहातून घरी निघताना कोणी आपल्या हाती फुकटचा डबा ठेवला, तर ती भेट नव्हे, तो कायद्याचा भंग आहे, हे ओळखा. कायद्याने ज्याला बोलण्यास मनाई केली आहे, त्याच्याच सांगण्यावरून आपण निवड करावी काय?

मात्र एक गोष्ट आईला कधीच पारखता येत नाही, ती म्हणजे भुकटीची अंतर्गत शुद्धता. २००८ साली चीनमध्ये सानलू व इतर काही कंपन्यांच्या दुधात मेलामाइन हे रसायन सापडले. प्रथिनांची चाचणी प्रायः नायट्रोजन मोजून केली जाते, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. पाणी घातलेले दूध चाचणीत खरे ठरावे म्हणून ही भेसळ झाली. सुमारे तीन लाख बाळे बाधित झाली आणि सहा दगावली. कोणत्या आईला ही भेसळ घरी ओळखता आली असती? म्हणून शुद्धतेची राखण हे सरकारी प्रयोगशाळांचे आणि निरीक्षकांचे काम आहे, आणि ते काम चोख होते की नाही हे विचारणे नागरिकांचे.

तिसरा मुद्दा, सिद्धता. डब्यांतील फरक ओळखण्यात जो वेळ आपण घालवितो, त्याच्या निम्माही येथे घालविला तर पुष्कळ आजार टळतील.

पहिली गोष्ट अशी की, डब्यातील भुकटी निर्जंतुक नसते. ती स्वच्छ असते, पण निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात; त्यांचा आजार विरळा, पण दोन महिन्यांच्या आतील आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे आहे की, पाणी उकळावे, अर्ध्या तासापेक्षा अधिक थांबू नये, आणि ते निदान ७० अंश सेल्सिअस इतके गरम असतानाच त्यात भुकटी घालावी. मग भांडे थंड पाण्यात धरून दूध कोमट करावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावे. कोमट पाण्यात भुकटी ढवळण्याची जी सर्वत्र रीत आहे, ती सोयीची आहे, सुरक्षित नाही. तयार केलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे आणि बाळाने उष्टे ठेवलेले टाकून द्यावे. टाकताना हळहळ वाटते, मी जाणतो. पण उष्ट्या दुधात जंतू फार वेगाने वाढतात.

दुसरी गोष्ट माप. आधी पाणी मोजावे, मग भुकटी. आणि डब्यातलाच चमचा, सपाट केलेला. एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्याला चालत नाही. भुकटी जास्त पडली तर बाळाला बद्धकोष्ठ होतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. कमी पडली तर बाळाचे पोट भरते आणि शरीर उपाशी राहते. ही दुसरी चूक अज्ञानाने होते त्याहून अधिक दारिद्र्याने होते. हिशेब करून पाहा. सहा किलो वजनाचे, केवळ डब्याच्या दुधावर असलेले बाळ दिवसाला सुमारे ९०० मिलिलिटर दूध पिते. त्याला शंभराहून अधिक ग्रॅम भुकटी लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसही पुरत नाही. निम्मे दूध आईचे असेल तर आठवडाभर पुरेल. ज्या घरी हा खर्च झेपत नाही तेथे आई डबा पुरवून पुरवून वापरते, चार चमच्यांच्या जागी तीन घालते, आणि बाळ दूध पीत असूनही सुकत जाते. म्हणून मी म्हटले की, सर्वांत चांगला डबा तो, जो पूर्ण मापाने देणे झेपते.

तिसरी गोष्ट भांडे. बाटलीचे बूच आणि सांधे धुण्यास अवघड. आणि बाटलीच्या सोप्या धारेची सवय लागली की काही बाळे आईकडे चोखण्याचा कंटाळा करतात. आपल्या आज्या बोंडल्याने दूध पाजीत, वाटी-चमच्याने पाजीत. घासून, उकळून घेतलेली साधी वाटी आणि चमचा आजही बाटलीहून श्रेष्ठ आहे, विशेषतः जेथे आईचे दूध चालू ठेवायचे आहे तेथे. बाळाला अर्धवट बसते धरावे, चमचा ओठाशी टेकवावा, त्याला त्याच्या गतीने घेऊ द्यावे, आणि ते तोंड फिरवील तेव्हा थांबावे. उरलेले संपविण्याची सक्ती करू नये.

आता चौथा आणि शेवटचा मुद्दा, समाज.

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? दूध विकायला गडावर गेलेली ती गवळण. सायंकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ वाट पाहत होते, आणि ती काळोखात तो भयंकर कडा उतरून गेली. तिच्या धैर्याचे आपण पिढ्यान्‌पिढ्या गौरवाने वर्णन करतो, आणि ते योग्यच आहे. एस.टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी केलेल्या खोल्यांना आपण हिरकणी कक्ष असे नाव दिले, तेही सर्वथा उचित. परंतु त्या आख्यायिकेतून आपण धडा कोणता घेतला? आईने कडा उतरावा, हा? की तान्हे बाळ असलेल्या आईसाठी दरवाजा उघडला जावा, हा? माझ्या मते दुसरा.

आणि आज ते दरवाजे किती उघडे आहेत? १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची तजवीज करणे बंधनकारक झाले. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. जितका काळ बाळाला केवळ आईचे दूध द्यावे असे वैद्यक सांगते, जवळजवळ तितकाच. ही तरतूद उत्तम आहे. पण तिचा लाभ प्रत्यक्षात कोणाला मिळतो? धुणीभांडी करणाऱ्या बाईला नाही. रोजंदारीवर विटा वाहणारीला नाही. दर वर्षी बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या, पहाटेच्या थंडीत फडात उतरणाऱ्या आणि बाळाला पाचटाच्या खोपीत थोरल्या मुलीच्या हवाली करणाऱ्या आईला नाही. तिला वरच्या दुधाचा डबा निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, असे म्हणणे कितपत खरे आहे? तिला ७० अंशांचे पाणी कोठून मिळावे? जिला वेळ नाही, रजा नाही, स्वच्छ पाणी नाही, तिच्यापुढे आईच्या दुधाची थोरवी गाणे म्हणजे उपाशी माणसाला अन्नाचे महत्त्व सांगणे होय. तिच्या बाळाला दूध मिळावे अशी आपली खरोखर इच्छा असेल, तर कारखान्याच्या तळावर पाळणाघर हवे, मजुरी न बुडता पाजण्यासाठी सुट्टी हवी, आणि या गोष्टींची तरतूद उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून हवी.

भगिनींनो आणि बंधूंनो, आता समारोप करतो. वरचे दूध देण्यापूर्वी वजन आणि लघवी यांचा हिशेब पाहा, आणि पाजण्याची रीत सुधारून पाहा. गरज ठरली तर प्रथम आईचेच काढलेले दूध, मग डब्याचे. पहिल्या टप्प्याचा, साधा, झेपणारा डबा. गरम पाणी, खरे माप, स्वच्छ वाटी. आणि वरचे सुरू झाले तरी आईचे बंद करू नका. दोन वर्षे आणि त्यापुढेही ते चालावे, कारण रोगांशी झुंजणारी जी द्रव्ये त्यात आहेत ती कोणत्याही डब्यात संपूर्णपणे उतरविता आलेली नाहीत. अर्धे मिळाले तरी ते अर्धे अनमोल आहे.

याखेरीज माझ्या तीन विनंत्या आहेत. सभागृहातील आज्यांना माझी विनंती आहे की, सुनेला किंवा लेकीला ‘दूध पुरत नाही’ असे म्हणण्यापूर्वी बाळाला काट्यावर ठेवून पाहा, आणि तिला दोन तास झोप मिळेल अशी सोय करा. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की, चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहिण्यापूर्वी आईला पाजताना एकदा पाहा. आणि डबा लिहावा लागला तर माप व पाणी यांची रीत समोर बसवून शिकवा. आणि ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात अशा सर्वांना विनंती आहे की, आपल्या कचेरीत, कारखान्यात, बांधकामावर, आणि आपल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईच्या घरी तान्हे बाळ आहे काय, हे उद्याच विचारा. आणि असेल, तर तिला बाळाकडे जाण्याची मुभा पगार न कापता द्या. कोणता डबा घ्यावा हा प्रश्न त्यानंतरही उरेल. पण जो निर्णय आज आई एकटी, घाबरलेल्या मनाने घेते, तो ती शांतपणे आणि माहितीनिशी घेऊ शकेल. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.